शंभर नॅनोमीटर सिलिकॉनची उष्णतावाहकता नेमकी किती?

संशोधनाला नुकतीच सुरुवात केलेल्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न असा आहे: "पाठ्यपुस्तकात सिलिकॉनची उष्णतावाहकता कक्ष तापमानाला १४८ वॅट प्रति मीटर-केल्विन दिलेली आहे. शोधनिबंधांत १०० नॅनोमीटर जाडीच्या सिलिकॉन थरासाठी सुमारे ६० हा आकडा वाचला. आमच्याकडे ४०० नॅनोमीटर ऑक्साइडवर बसलेला अगदी तेवढ्याच जाडीचा थर आहे. त्यावर ॲल्युमिनियमचा लेप देऊन लेसर स्पंदांनी मोजणी केली, तर एकदा ३५ येतात आणि एकदा ९०. यांतला खरा आकडा कोणता? की इतक्या लहान मापावर फूरियेचा नियमच लागू पडत नाही?"

पहिले दोन्ही आकडे बरोबर आहेत. तिसरा, म्हणजे तुमचा ३५ ते ९० हा पसारा, तुमच्या थराविषयी जवळजवळ काहीच सांगत नाही, आणि त्यात फूरियेचा काही दोष नाही. हे असे का, ते समजण्यासाठी आधी त्या १४८ च्या पोटात काय दडले आहे ते पाहावे लागेल.

फूरियेने १८२२ साली ग्रंथरूपाने मांडलेला नियम एवढेच म्हणतो की उष्णतेचा प्रवाह तापमानाच्या उताराच्या प्रमाणात असतो, आणि त्या प्रमाणाचा गुणक म्हणजे वाहकता. हा गुणक कुठून येतो याबद्दल नियम मौन बाळगतो. सिलिकॉनमध्ये उष्णता मुख्यत्वे अणूंच्या जालकातील कंपनांमधून वाहते. या कंपनांच्या ऊर्जेचे पुंज म्हणजे फोनॉन. फोनॉन एकमेकांवर आदळतात आणि त्या टकरींमुळे उष्णतेला रोध होतो, ही उपपत्ती पायर्ल्सने १९२९ साली दिली. वायूच्या रेणूंसारखा ढोबळ हिशोब फोनॉनांनाही लावता येतो: वाहकता म्हणजे घनफळामागील उष्माधारकता, फोनॉनाचा वेग आणि दोन टकरींमधले सरासरी अंतर, म्हणजे मुक्तपथ, यांच्या गुणाकाराचा एक तृतीयांश. सिलिकॉनसाठी दर घनमीटरमागे १६.६ लाख ज्यूल प्रति केल्विन आणि सेकंदाला ६,४०० मीटर हे आकडे घातले की १४८ साठी मुक्तपथ सुमारे ४२ नॅनोमीटर निघतो.

हा ४२ नॅनोमीटरचा आकडा अनेक वर्गांत शिकवला जातो, आणि माझ्या मते नवख्या माणसाची तो जितकी दिशाभूल करतो तितकी दुसरे काहीच करत नाही. तो खरा धरला तर १०० नॅनोमीटरचा थर मुक्तपथाच्या दुपटीहून जाड ठरतो आणि वाहकता थोडीशीच घटायला हवी. प्रत्यक्षात ती निम्म्याहूनही खाली जाते. कारण 'सरासरी फोनॉन' नावाची वस्तू सिलिकॉनमध्ये नसते. या स्फटिकातील कंपनांची वारंवारता शून्यापासून साडेपंधरा टेराहर्ट्झपर्यंत पसरलेली असते. वरच्या वारंवारतेचे फोनॉन संख्येने भरपूर असतात आणि उष्माधारकतेत मोठा वाटा घेतात, पण ते हळू चालतात आणि काही नॅनोमीटरांतच आदळतात. खालच्या वारंवारतेचे फोनॉन थोडे असले तरी ध्वनीच्या वेगाने पळतात आणि एका टकरीपासून दुसरीपर्यंत कित्येक मायक्रोमीटर जातात. हिशोब नीट मांडला की कक्ष तापमानाला सिलिकॉनमधली जवळपास निम्मी उष्णता एक मायक्रोमीटर किंवा त्याहून लांब मुक्तपथ असलेले फोनॉन वाहतात असे दिसते. पगाराची सरासरी पाहून गावातला पैसा कोणाकडे आहे ते कळत नाही, तसे हे आहे.

आता थर १०० नॅनोमीटरचा झाला की हे लांब पल्ल्याचे फोनॉन आपला पल्ला गाठण्याआधीच पृष्ठभागावर आपटतात. स्फटिकाच्या कडेवर आदळून फोनॉन विखुरतात आणि अति थंड, शुद्ध स्फटिकात मुक्तपथ नमुन्याच्या जाडीएवढाच उरतो, हे कॅसिमिरने १९३८ साली दाखवले. त्याच्या काळी हे पाहायला मिलिमीटरभर जाडीचे स्फटिक द्रवरूप हेलियमच्या तापमानापर्यंत थंड करावे लागत. आपण जाडीच इतकी कमी केली आहे की तोच परिणाम कक्ष तापमानाला घरबसल्या मिळतो. थराच्या समांतर दिशेने मोजलेली वाहकता १०० नॅनोमीटरला सुमारे ६० आणि २० नॅनोमीटरला सुमारे २२ इतकी खाली येते. चारही बाजूंनी कडा असलेल्या नॅनोतारेत घट आणखी तीव्र असते. बर्कली येथे २००३ साली मोजलेल्या तारांपैकी ११५ नॅनोमीटर व्यासाच्या तारेची वाहकता ४० च्या आसपास होती, तर २२ नॅनोमीटरच्या तारेची १० च्याही आत.

कडेवर आदळलेला फोनॉन आरशावरून परतल्यासारखा सरळ का परतत नाही, असे कोणी विचारील. कक्ष तापमानाला उष्णता वाहणाऱ्या बहुतेक फोनॉनांची तरंगलांबी एक ते काही नॅनोमीटर असते. पृष्ठभागाचा खडबडीतपणा एका नॅनोमीटरचा असला, तरी अशा तरंगाला तो गुळगुळीत वाटत नाही आणि फोनॉन वाटेल त्या दिशेला फेकला जातो. याच कारणाने फोनॉनांच्या व्यतिकरणावर, म्हणजे तरंग एकमेकांत मिसळून वाढण्या-मिटण्यावर, आधारलेल्या रचनांनी कक्ष तापमानाला उष्णता अडवल्याचे दावे वाचताना मी हात आखडता घेतो. बहुतेक वेळा त्या दाव्यामागचे निरीक्षण निव्वळ कडेवरच्या विखुरण्यानेही समजावता येते. खूप कमी तापमानाला तरंगलांबी वाढते आणि मग गोष्ट वेगळी होते.

सारांश, ६० हा आकडा सिलिकॉन या पदार्थाचा राहत नाही. तो सिलिकॉन, १०० नॅनोमीटर जाडी, त्या पृष्ठभागांचा खडबडीतपणा आणि थराच्या समांतर दिशा या चौघांचा मिळून आहे. थर भेदून आरपार जाणाऱ्या दिशेने वाहकता याहूनही कमी असते, कारण त्या दिशेने निघालेल्या फोनॉनाला कड अधिक लवकर लागते. तुमची मोजणी नेमकी याच दुसऱ्या दिशेची आहे, आणि खरी अडचण इथून सुरू होते.

तुम्ही वापरलेल्या पद्धतीत एक लेसर स्पंद ॲल्युमिनियमचा लेप तापवतो आणि थोड्या उशिराने आलेला दुसरा स्पंद त्या लेपाचे परावर्तन मोजतो. पहिला स्पंद आधी ॲल्युमिनियममधील इलेक्ट्रॉनांना तापवतो. एखाद-दोन पिकोसेकंदांत त्यांची ऊर्जा जालकात उतरते, आणि तिथून पुढे लेप कसा निवतो यावरून खालच्या पदार्थाविषयी अनुमान काढले जाते. तापमान एक केल्विनने बदलले तर ॲल्युमिनियमचे परावर्तन साधारण दहा हजारांत एका भागाने बदलते. एवढा बारीक बदल गोंगाटातून वेचून काढण्यासाठी तापवणारा किरण सेकंदाला सुमारे एक कोटी वेळा चालू-बंद केला जातो आणि लॉक-इन ॲम्प्लिफायर फक्त त्या वारंवारतेचा संकेत उचलतो. म्हणजे तुमच्या नमुन्यात उष्णतेच्या लाटा वरून खाली उतरत असतात. अखंड सिलिकॉनमध्ये अशी लाट दहा मेगाहर्ट्झला सुमारे १.७ मायक्रोमीटर खोल जाते, तर ऑक्साइडमध्ये जेमतेम १६५ नॅनोमीटर.

आता वाटेत येणारे रोध एकेक करून मोजू. एकक म्हणून चौरस मीटर-केल्विन प्रति वॅटचा अब्जावा भाग घेऊ. थराची आरपार वाहकता ४० धरली तर १०० नॅनोमीटर सिलिकॉनचा रोध २.५ येतो. ॲल्युमिनियम आणि सिलिकॉन जिथे भेटतात त्या आंतरपृष्ठाचा स्वतःचा रोध असतो. दोन भिन्न पदार्थांच्या सीमेवर तापमान एकदम तुटते, हे कापित्झाने १९४१ साली द्रव हेलियमच्या संदर्भात दाखवले, आणि दोन घन पदार्थांतही तसेच घडते. तुमच्या आंतरपृष्ठाचा रोध ५ ते १० च्या दरम्यान असेल. लेप देण्याआधी सिलिकॉनवर हवेतच तयार झालेला दोन नॅनोमीटरचा ऑक्साइड काढला नसेल, तर त्याचा रोध १.४. आणि खालच्या ऑक्साइडमध्ये लाट जेवढी उतरते त्या पहिल्या १६५ नॅनोमीटरचाच हिशोब धरला, तरी त्याचा रोध १२० च्या घरात जातो.

हे आकडे शेजारी ठेवून पाहा. ज्या थरासाठी सगळा खटाटोप केला त्याचा रोध २.५ आहे, आणि त्याच्या एका बाजूला १० व दुसऱ्या बाजूला १२० बसले आहेत. पुसायला विसरलेला दोन नॅनोमीटरचा ऑक्साइड एकटाच तुमच्या १०० नॅनोमीटर सिलिकॉनच्या निम्म्याहून अधिक रोध देतो. अशा मांडणीत संगणकाने वक्र जुळवला की तो ३५ ही देईल आणि ९० ही देईल, आणि दोन्ही वेळा जुळणी सुबक दिसेल. आंतरपृष्ठाचा रोध जरासा वर-खाली झाला की थराची वाहकता त्याची भरपाई करते. हीच गोष्ट उलट्या बाजूनेही पाहता येते: १० एककांचे एक आंतरपृष्ठ म्हणजे दीड मायक्रोमीटर अखंड सिलिकॉन. आजच्या ट्रान्झिस्टरमध्ये काही नॅनोमीटरांचे थर एकावर एक रचलेले असतात. तिथे उष्णता अडते ती थरांच्या पोटात कमी आणि सांध्यांवर जास्त. या विषयातले अर्धे काम आता सांध्यांवर चालते ते याचमुळे.

पद्धतीतली दुसरी सर्वांत मोठी चूक लेपाच्या जाडीत लपते. निवण्याचा वेग लेपाच्या उष्माधारकतेवर ठरतो, म्हणून लेपाच्या जाडीत पाच टक्के चूक असली की ती जवळपास तशीच वाहकतेत उतरते. लेप देणाऱ्या यंत्रावरच्या मापकाने दाखवलेली जाडी कृपया वापरू नका. जाडी तुमच्याच मोजणीत लिहिलेली असते. तापलेला लेप फुगतो, त्यातून ध्वनीचा एक स्पंद खाली जातो, आंतरपृष्ठावरून परततो, आणि परावर्तनाच्या वक्रावर एक छोटा खळगा किंवा उंचवटा उमटवतो. ॲल्युमिनियममध्ये ध्वनी एका पिकोसेकंदात ६.४ नॅनोमीटर जातो. म्हणजे ८० नॅनोमीटरच्या लेपात हा प्रतिध्वनी २५ पिकोसेकंदांनी दिसायला हवा. तो २७ ला दिसला तर लेप ८६ नॅनोमीटरचा आहे, यंत्र काहीही म्हणो. प्रतिध्वनी बोथट किंवा पसरट असेल तर लेप खाली नीट चिकटलेला नाही असे समजून तो नमुना बाजूला ठेवावा.

माझी स्वतःची फजिती इथे सांगणे योग्य होईल, कारण ती तुमच्या दुसऱ्या प्रश्नाशी जोडलेली आहे. उमेदवारीच्या काळात मला एका नमुन्यात दोन नॅनोसेकंदांनंतरचे निवणे फूरियेच्या गणितापेक्षा सातत्याने हळू दिसू लागले. मला वाटले, फोनॉन टकरी न होता सरळ पळत आहेत आणि मी ते पाहतो आहे. चार महिने त्यावर गणिते केली. मग एका ज्येष्ठ सहकाऱ्याने सांगितले म्हणून तीच मोजणी साध्या काचरूप सिलिकावर केली. त्यात मुक्तपथ इतके आखूड असतात की फूरियेला शंका घ्यायला जागाच नाही, आणि वाहकता १.४ यायलाच हवी. तिथेही तेच वळण दिसले. दोन स्पंदांमधला उशीर वाढवण्यासाठी आरसे बसवलेली सरकती पट्टी मागे न्यावी लागते, आणि प्रत्येक नॅनोसेकंदाला प्रकाशाचा मार्ग ३० सेंटिमीटरने लांबतो. माझ्या पट्टीवरच्या एका आरशाचा स्क्रू ढिला होता. पट्टी मागे गेली की नमुन्यावरचा ठिपका दोन-तीन मायक्रोमीटर सरकत होता. लॉक-इन संकेताचे दोन घटक देतो, एक तापवणाऱ्या किरणाच्या तालाशी जुळणारा आणि दुसरा त्यापासून पाव फेरा सरकलेला; त्यांचे गुणोत्तर घेतल्याने अशा दोषाचा बराचसा भाग कटतो, पण सगळा कटत नाही, आणि उरलेल्या भागावर मी प्रबंधाचे एक प्रकरण उभारायला निघालो होतो.

फूरियेचा नियम मोडतच नाही असे यातून कोणी घेऊ नये. तो मोडतो, आणि ते स्वच्छपणे मोजलेले आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील गटाने २०१३ साली सुमारे ४०० नॅनोमीटर जाडीच्या, अधांतरी ताणलेल्या सिलिकॉन पटलावर दोन लेसर किरणांच्या व्यतिकरणाने उष्ण आणि थंड पट्टे उमटवले आणि ते पट्टे किती वेगाने विरतात ते पाहिले. पट्ट्यांमधले अंतर काही मायक्रोमीटरांवर आले की ते फूरियेच्या अंदाजापेक्षा हळू विरू लागले, तेही कक्ष तापमानाला. लांब पल्ल्याचे फोनॉन एका पट्ट्यातून दुसऱ्यात न आदळताच जातात, आणि न आदळलेला फोनॉन तापमानाच्या उताराला विसरणाच्या, म्हणजे टकरी खात हळूहळू पसरण्याच्या, नियमाने प्रतिसाद देत नाही. या प्रयोगाचे बळ असे की त्यात धातूचा लेप नव्हता, म्हणून आंतरपृष्ठ नव्हते, आणि अंतर बदलणे हाच एकमेव फेरफार होता. विसरणापलीकडच्या वाहनाचा दावा करायचा तर मोजणी अशी असावी लागते.

लक्षात घ्या की समांतर दिशेने मोजलेल्या ६० या आकड्यात फूरियेचा नियम अजून शाबूत आहे. थर पातळ झाल्याने मुक्तपथ आखूड झाले, पण थराच्या लांबीने जाताना फोनॉन असंख्य वेळा आदळतात, म्हणून उताराच्या प्रमाणात प्रवाह हे नाते टिकते आणि फक्त गुणक बदलतो. उष्णतेला मुक्तपथापेक्षाही कमी अंतर जायचे असते तेव्हा नातेच ढासळते, आणि मग 'या बिंदूचे तापमान' या शब्दांनाही अर्थ उरत नाही, कारण तिथून जाणारे काही फोनॉन उष्ण टोकाचे आणि काही थंड टोकाचे असतात. वाहकता घटणे आणि नियम मोडणे या दोन गोष्टींची गल्लत छापील लेखांतही आढळते.

मोजणीवर एवढी शंका घेतल्यावर गणितावर विश्वास का ठेवावा, असाही प्रश्न निघेल. सिलिकॉनची वाहकता एकही आकडा प्रयोगातून उसना न घेता, थेट पुंजयामिकीतून काढता येते हे २००७ साली दिसले. या पद्धतीची खरी परीक्षा बोरॉन आर्सेनाइडने घेतली. २०१३ साली गणिताने सांगितले की या फारसे लक्ष न वेधलेल्या संयुगाची वाहकता २,००० च्या पुढे, हिऱ्याच्या पंक्तीत असावी, कारण हलका बोरॉन आणि जड आर्सेनिक यांच्यामुळे कंपनांच्या वारंवारतांत मोठी दरी पडते आणि टकरींचे बरेच मार्ग बंद होतात. पुढे चार फोनॉनांच्या टकरी हिशोबात घेतल्यावर तो अंदाज १,४०० च्या आसपास उतरला. २०१८ साली तीन स्वतंत्र गटांनी चांगले स्फटिक वाढवून १,००० ते १,३०० च्या दरम्यान वाहकता मोजली. म्हणून तुमच्या थराच्या जाडीसाठी गणित जे सांगते त्याला मी तुमच्या ३५ आणि ९० पेक्षा जास्त वजन देईन. आंतरपृष्ठांच्या बाबतीत मात्र गणिताला मी एवढी सूट देणार नाही, कारण खऱ्या सांध्यावर अणूंची सरमिसळ, ऑक्साइड आणि घाण असते, आणि ती कोणीही नीट लिहून देत नाही.

आता तुमच्या नमुन्याचे काय करायचे ते सांगतो. मोजणीला हात लावण्याआधी संवेदनशीलतेचा तक्ता काढा. प्रत्येक अज्ञात राशी एक टक्क्याने बदलली तर संकेत किती बदलतो, ते सगळ्या उशिरांसाठी आणि एक ते दहा मेगाहर्ट्झपर्यंतच्या वारंवारतांसाठी काढून पाहा. तुमच्या मांडणीत थराच्या वाहकतेची रेषा शून्याला चिकटलेली दिसेल आणि प्रश्न तिथेच मिटेल. त्यानंतर समांतर दिशेकडे वळा. लेसरचा ठिपका लहान करून आणि वारंवारता कमी करून उष्णता आडवी पसरू देता येते. पण ॲल्युमिनियमचा लेप इथे आड येतो. ८० नॅनोमीटर लेपाची वाहकता १५० धरली, तर तो एकटाच तुमच्या थराच्या दुप्पट उष्णता आडवी नेतो. म्हणून अशा कामात कमी वाहकतेच्या मिश्रधातूचा पातळ लेप देतात.

माझी निवड विचाराल तर मी लेपच टाळीन. खालचा ऑक्साइड हायड्रोफ्लोरिक आम्लाने कोरून काढा, थराची एक अरुंद पट्टी अधांतरी ठेवा, आणि तिच्या दोन टोकांना प्लॅटिनमच्या नागमोडी तारा असलेले दोन छोटे मंच जोडा. एका मंचाला वीज देऊन तापवायचे आणि दोन्ही तारांच्या विद्युतरोधावरून दोन्ही टोकांची तापमाने वाचायची. नमुने बनवण्यात सहा महिने जातील आणि पहिले दहा तुटतील. शिवाय पट्टी मंचाला जिथे चिकटते तिथलाही रोध आकड्यात मिसळतो. म्हणून एकाच थरातून दोन, चार आणि आठ मायक्रोमीटर लांबीच्या पट्ट्या करा आणि रोध लांबीसमोर मांडा. रेषेचा चढ थराची वाहकता देईल आणि शून्य लांबीला उरलेला रोध सांध्यांचा असेल. हे बिंदू सरळ रेषेत बसले नाहीत, तर मला पुन्हा लिहा, पण त्याआधी मोजणी निर्वातात केली होती का ते तपासा. मंचांच्या मधल्या फटीत हवा राहिली तर पट्टीला बगल देऊन जाणारी उष्णताही त्याच आकड्यात जमा होते.